आठवीनंतरचं ताट

शाळेतली खिचडी आठवीपर्यंतच. १९९५ साली सुरू झालेली मध्यान्ह भोजन योजना, म्हणजे आताची 'पीएम पोषण', नववीच्या मुलांना लागू नाही. सहावी ते आठवीच्या मुलाला त्या ताटातून रोज ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा निकष आहे. नववीत गेलं की ते ताट बंद, आणि शरीराची वाढ तर या वर्षांतही चालूच असते. मुलींची पाळी सुरू झालेली असते, दर महिन्याला शरीरातलं लोह जात असतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. मुलांमध्ये ३१ टक्के. ही योजना निदान दहावीपर्यंत न्यायलाच हवी, असं मला मनापासून वाटतं.

या वयाच्या मुलांना अन्न-असुरक्षितता, म्हणजे पुरेसं खायला मिळेलच याची खात्री नसणं, शिकवताना रिकाम्या ताटापासून सुरुवात करू नये. ताट रिकामं होण्याआधी आक्रसतं. फळ बंद होतं, वरण पातळ होतं, भाजीच्या जागी चटणी येते. एखाद्या वेळचं जेवण चुकतं ते त्यानंतर. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची आठ प्रश्नांची प्रश्नावलीही अशीच चढत जाते: पुरेसं खायला मिळेल का याची काळजी वाटली का, मोजकेच पदार्थ खाऊन भागवावं लागलं का, आणि शेवटी, दिवसभर उपाशी राहावं लागलं का. वर्गात हे विचारायचं तर बिननावाच्या चिठ्ठीवर. सगळ्यांसमोर 'आज काय जेवलास?' असं विचारलं की ज्याच्या घरी चूल पेटली नाही, ते पोर खोटं बोलायला शिकतं.

स्वयंपाकाच्या तासाला मटकी घ्यावी. रात्री भिजवायची, सकाळी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधायची. दुसऱ्या दिवशी गाठ सोडली की हिरवट, ओलसर वास येतो आणि दाण्यादाण्याला पांढरी शेपटी दिसते. कोरड्या मटकीत क जीवनसत्त्व जवळजवळ नसतं. मोड येताना दाणा ते स्वतः तयार करतो. लोहाला जखडून ठेवणारं फायटिक आम्लही याच वेळी कमी होऊ लागतं. शिजवताना क जीवनसत्त्व बरंचसं जातं, म्हणून उसळ चुलीवरून उतरवल्यावर, वाढताना लिंबू पिळायचं. डाळी-भाज्यांमधलं लोह एरवी आतड्यातून फार थोडं शोषलं जातं. त्याच घासात क जीवनसत्त्व असेल तर ते प्रमाण वाढतं.

चहाचं नेमकं उलटं. त्यातली टॅनिनं लोहाला धरून ठेवतात आणि शरीराला ते घेता येत नाही. कितीतरी घरांत मुलं सकाळी चहा-चपाती खाऊन शाळेत येतात. तो चहा तासभर आधी किंवा नंतर घेतला तर त्याच चपातीतलं लोह अधिक अंगी लागतं, आणि यासाठी एक पैसाही जास्त लागत नाही.

पैसा लिंबाला लागतो. उन्हाळ्यात लिंबं महागली की उसळीसोबत कैरीची फोड घ्यावी, थंडीत पेरू किंवा आवळा.