बटरफ्लाय बुश
बटरफ्लाय बुश म्हणजे बडलिया, मूळचं मध्य चीनचं झुडूप. माणसापेक्षा उंच वाढतं, फांदीच्या टोकाला जांभळे, गुलाबी किंवा पांढरे लांब तुरे येतात, एकेका तुऱ्यात बारीक नळीसारखी ढीगभर फुलं, वास मधासारखा. पांढऱ्या फुलांची एक जात आपल्या हिमालयाकडं रानात उगवते. नर्सरीत याच नावानं आफ्रिकेतलं निळ्या फुलाचं दुसरंच झाड पण देतात, तेही छान आहे पण ते बडलिया नाही, त्यामुळं तुरा बघूनच घ्यायचं.

मराठवाड्यात लोकांना वाटतं आपल्या उन्हानं हे जळतं, पण जास्त करून ते पावसाळ्यात मरतं. चुनखडीची माती त्याला चालते, दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमधल्या बॉम्बनं पडलेल्या घरांच्या चुना-विटांच्या ढिगाऱ्यांवर हेच माजलं होतं. पण आपली काळी माती पाणी धरून बसते आणि मुळं सडतात. म्हणून वाफा उंच करा, मातीत मुरूम आणि शेणखत मिसळा, नाहीतर सरळ मोठ्या कुंडीत लावा. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर सावली येईल अशी जागा बरी, त्या कोरड्या हवेत पानांखाली लाल कोळी नावाची बारीक कीड लागते, पाण्याचा फवारा मारला की आटोक्यात येते. फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून मृगाच्या आसपास छाटलं की पावसावर फूट येते आणि पावसाळा सरताना, म्हणजे फुलपाखरं सगळ्यात जास्त असतात तेव्हा, झाड फुलावर असतं. सुकलेले तुरे काढत राहायचे.

आता खरी गोष्ट अशी की या झाडावर फुलपाखरं फक्त मध प्यायला येतात, आपल्याकडची बहुतेक फुलपाखरं अंडी घालायला दुसरीकडं जातात. नुसतं बडलिया लावणं म्हणजे पाहुण्याला चहा देऊन बाहेरच्या बाहेर वाटेला लावणं. लिंबू किंवा कढीपत्ता लावला तर लाइम बटरफ्लाय अंडी घालतं, त्याची अळी आधी पाखराच्या शिटेसारखी दिसते, मग हिरवीगार होते, आणि डिवचली की डोक्यामागून लालसर दुबेळकं शिंग बाहेर काढते, त्याला उग्र वास येतो. जालन्याकडं मोसंबीवाले हिला कीडच म्हणतात आणि ते खरंय, लहान कलमांची पानं ती फस्त करते, पण घरच्या मोठ्या कढीपत्त्याचं काही बिघडत नाही, पुन्हा पालवी येते. बहाव्यावर एमिग्रंट नावाचं पिवळसर फुलपाखरू वाढतं. रुईवर प्लेन टायगर, तिची काळे-पांढरे-पिवळे पट्टेवाली अळी रुईचं विष अंगात साठवते म्हणून पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत.

अळ्या दिसल्या की औषध मारायचं नाही, बडलियावर तर अजिबात नाही, कारण फुलावरचं औषध सरळ फुलपाखराच्या पोटात जातं. रुईचा चीक मात्र डोळ्यात गेला तर फार वाईट, लहान लेकरं असलेल्या घरी ती कुंपणाबाहेरच राहू द्यावी.