सहस्राचा भाऊबंद किलो

‘दोन किलो कांदे द्या’ याचा शब्दशः अर्थ ‘दोन हजार कांदे द्या’ असा होतो. भाजीवाला समजून घेतो, कारण ग्रॅम हा शब्द आपण कधीच गिळून टाकला आहे.

हा हजार ग्रीकांचा, ‘खिलिओइ’. त्याचा ‘किलो’ केला फ्रेंचांनी. गावागणिक बदलणारी मापं मोडून काढायला राज्यक्रांतीनंतर दशमान पद्धत आली. १७९३ च्या कायद्यात आजच्या किलोएवढ्या वजनाला ‘ग्राव्ह’ म्हटलं होतं. ७ एप्रिल १७९५ च्या कायद्याने ते नाव जाऊन ग्रॅम आला आणि सोबत उपसर्गांची शिस्त : पटी मोजायच्या तर ग्रीक (डेका, हेक्टो, किलो, मिरिया), तुकडे करायचे तर लॅटिन (डेसी, सेंटी, मिली). म्हणजे किलो आणि मिली, दोन्हींच्या मुळाशी हजारच! एक गुणायचा, दुसरा भागायचा. पण प्रमाण म्हणून जपून ठेवायला ग्रॅम फारच चिमुकला, म्हणून प्लॅटिनमचं वजन घडवलं ते किलोग्रॅमचं. आजही सात मूलभूत एककांत उपसर्ग मिरवणारं हे एकटंच.

ही ग्रीक नावं खुद्द फ्रेंचांच्याही पचनी पडेनात. १८०० मध्ये सरकारला किलोग्रॅमसाठी ‘लिव्र’ हे जुनं नाव चालवून घ्यावं लागलं. सक्ती पक्की झाली ती १८४० पासून.

पुढे मोजायच्या गोष्टी फुगत आणि आक्रसत गेल्या. १९६० मध्ये आंतरराष्ट्रीय पद्धत ठरली, तेव्हा दहा हजारांचा मिरिया बाहेर राहिला. मेगा (मोठा), गिगा (दैत्य), टेरा (अक्राळविक्राळ प्राणी) आणि नॅनो (बुटका) आत आले. १९७५ चे पेटा आणि एक्सा तर पेंटा (पाच) आणि हेक्सा (सहा) यांतलं एकेक अक्षर उडवून बनवलेले. मला हे जरा ओढूनताणून वाटतं. गिगामधल्या दैत्याची मजा त्यात नाही.

भारतात १९५६ च्या कायद्यानंतर शेर-छटाक मागे पडले आणि किलो आला. आला परका म्हणून, पण भाषाशास्त्र सांगतं की ‘खिलिओइ’ आणि ‘सहस्र’मधला ‘हस्र’ एकाच मुळातले. डेका आणि दश, हेक्टोमागचा ‘हेकातोन’ आणि शत, यांचंही तेच. मेगा आणि महा हेही सख्खेच. तेव्हा रविवारी लोकलचा ‘मेगाब्लॉक’ लागला की त्याला महाखोळंबा म्हणायला व्युत्पत्तीची हरकत नाही.