फाँतने मठ

फाँतने मठ : फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातील माँबार गावाजवळ, झाडीने वेढलेल्या खोऱ्यात वसलेला सिस्टर्शियन या साधेपणावर भर देणाऱ्या साधुपंथाचा मध्ययुगीन ख्रिस्ती मठ. क्लेर्व्हो येथील मठाधिपती संत बर्नार्ड यांनी १११८ मध्ये तो स्थापन केला. चर्चच्या बांधकामासाठी इंग्लंडमधील नॉर्विचचे बिशप एव्हरार्ड यांनी द्रव्यसाहाय्य केले आणि ११४७ मध्ये पोप तिसरे यूजीन यांच्या उपस्थितीत चर्चच्या पवित्रीकरणाचा विधी झाला. यूजीन हे पूर्वी बर्नार्ड यांचेच शिष्य होते.

क्लूनी या दुसऱ्या ख्रिस्ती साधुपंथाच्या मठांतील कोरीव राक्षस, चित्रे आणि सोन्याची झळाळी साधूचे मन प्रार्थनेपासून दूर नेतात, शिवाय ते धन गोरगरिबांच्या वाट्याचे असते, असे बर्नार्ड यांचे परखड मत होते. त्या मताचा वास्तुशास्त्रीय अर्थ फाँतने येथे जितका स्पष्ट वाचता येतो तितका क्वचितच अन्यत्र येत असेल. सुमारे ६६ मी. लांबीच्या या चर्चला उंच मनोरा नाही, स्तंभशीर्षांवर साधी पाने सोडली तर नक्षी जवळजवळ नाही, आणि पूर्वेकडील वेदीमागची भिंत अर्धवर्तुळाकार नसून सरळ आहे. मध्यदालनावरील टोकदार कमानीच्या आकाराचे अखंड दगडी छत दोन्ही बाजूंच्या दालनांवरील, मध्यदालनाशी काटकोनात बांधलेल्या कमानदार छतांनी पेलून धरले आहे. त्यामुळे मध्यदालनाच्या भिंतींना वरच्या बाजूस खिडक्या ठेवलेल्या नाहीत. प्रकाश मुख्यतः पूर्व आणि पश्चिम टोकांकडून येतो व मधला भाग काहीसा अंधारा राहतो. ही उणीव नव्हे; सजावट वर्ज्य केल्यावर उरलेली प्रमाणबद्धता त्या मंद उजेडातच नीट जाणवते.

चर्चला लागून चौकोनी अंगण, त्याभोवती कमानींची पडवी, सभागृह आणि वरच्या मजल्यावर सामूहिक शयनगृह आहे. शयनगृहाचे ओक लाकडाचे छत पंधराव्या शतकातील आहे. स्वतःच्या श्रमावर जगावे या नियमानुसार साधूंनी ओढ्याचे पाणी वळवून सुमारे ५३ मी. लांबीची लोहारशाळा चालवली. तेथे पाणचक्कीच्या जोरावर घण चालत असे.

सोळाव्या शतकापासून राजाने नेमलेल्या, मठात न राहणाऱ्या अधिपतींकडे उत्पन्न जाऊ लागले आणि मठाची अवनती झाली. अठराव्या शतकात भोजनगृह पाडण्यात आले. फ्रेंच राज्यक्रांतीत मठ विकला गेला व तेथे कागद कारखाना निघाला. १८२० मध्ये तो गरम हवेच्या उडत्या फुग्यामुळे प्रसिद्ध असलेल्या माँगोल्फिए घराण्याकडे आला. इमारती वापरात राहिल्याने इतर अनेक मठांप्रमाणे त्यांचे दगड उचलून नेले गेले नाहीत. १९०६ मध्ये ल्यों शहरातील सावकारी पेढीचे मालक एदुआर एनार यांनी मठ विकत घेऊन कारखान्याची बांधकामे हटवली व मूळ वास्तूंचा जीर्णोद्धार केला. १९८१ मध्ये युनेस्कोने मठाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.