आदिवासी भागातील बालकुपोषण आणि बदलता आहार (महाराष्ट्र)

वयाच्या मानाने उंची खुंटणे (खुजेपणा), वजन कमी राहणे किंवा उंचीच्या मानाने शरीर रोडावणे (लुकडेपणा) ही बालकुपोषणाची मोजली जाणारी रूपे. अमरावती जिल्ह्याच्या मेळघाटातील धारणी-चिखलदरा, नंदुरबारमधील अक्कलकुवा-धडगाव, पालघरमधील जव्हार-मोखाडा आणि गडचिरोली हे महाराष्ट्रातील सर्वाधिक झळ बसलेले पट्टे. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंमुळे हा प्रश्न राज्यभर चर्चेत आला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातील पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुले खुजी व २६ टक्के लुकडी होती.

पूर्वी डोंगरउतारावरच्या वरकस (हलक्या, कमी कसाच्या) जमिनीत नागली (नाचणी), वरई, उडीद आणि खुरासणी हे तेलबी पीक निघे. मेळघाटात कोरकू आदिवासींच्या शेतात कुटकी, सावा, ज्वारी ही भरडधान्ये असत. पावसाळ्यात शेवळे, करटोली अशा रानभाज्या, बांबूचे कोंब, ओढ्यातले खेकडे आणि मासे ताटात येत. म्हणून पूर्वी सारे आबादीआबाद होते असे मात्र नव्हे. आषाढ-श्रावणात धान्याच्या कणग्या रिकाम्या होत आणि कंदमुळांवर दिवस काढावे लागत. पण पोटात जे जाई त्यात विविधता होती. जंगलावरचे निर्बंध, सोयाबीनसारखी नगदी पिके आणि रेशनचा गहू-तांदूळ यांमुळे ती आटली. रेशनने उपासमार कमी केली, हे मान्य करायलाच हवे. पण १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि पांढऱ्या तांदळात ते नगण्य असते. डाळ आणि तेल विकत घ्यावे लागते, त्यामुळे ते बेताचेच पडते. पाड्यावरच्या टपरीत मात्र पाच रुपयांचे खारट-तिखट पाकीट सहज मिळते आणि रडणारे मूल त्याने गप्प होते.

सहा महिन्यांनंतर नुसते आईचे दूध पुरत नाही. बाळाचे पोट लहान, म्हणून त्याला थोडे थोडे पण घट्ट, तेल-डाळ घातलेले अन्न दिवसातून अनेकदा लागते. प्रत्यक्षात आई सकाळीच मजुरीला जाते, बाळ सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असते आणि वाटीत भाताची पातळ पेज. याला आईचे अज्ञान म्हणणे अन्यायाचे आहे. तिच्याकडे वेळ आणि सरपण दोन्ही अपुरे असते. ती स्वतःही बहुधा कमी वयात, कमी वजनाची असताना आई झालेली असते, म्हणून बाळ जन्मतःच हलके असते.

कुपोषित मूल बहुतेकदा भुकेने नव्हे, न्यूमोनियाने किंवा हगवणीने दगावते. नोंदीतही तोच आजार लिहिला जातो, आणि ‘कुपोषणबळी’ किती यावर दरवर्षी वाद झडतो.

१९७५ पासूनची एकात्मिक बालविकास सेवा योजना, ग्राम बालविकास केंद्रे, पोषण पुनर्वसन केंद्रे असे उपाय आहेत. २०१५ मध्ये सुरू झालेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार, तर सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना अंडी किंवा केळी मिळतात. अंगणवाडी सेविका दंडाभोवती रंगीत पट्टी गुंडाळते, घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते मूल तीव्र कुपोषित. पण दिवाळीनंतर कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, मुलेही सोबत जातात, आणि अंगणवाडीच्या वहीतले त्यांच्या नावापुढचे वजनाचे रकाने पावसाळा तोंडावर येईपर्यंत कोरे राहतात.