टवका उडू नये म्हणून

भाच्याने गेल्या वर्षी सेकंड हँड पोर्शे घेतली. पिवळीधमक, दोन सीटची, आणि इतकी बुटकी की आत बसायचं तर आधी गुडघ्यांची समजूत काढावी लागते. सोसायटीच्या गेटपाशी लांबून पाहिली तेव्हा नवीकोरी वाटली. जवळ जाऊन वाकलो, तर बंपरवर आणि बॉनेटच्या पुढच्या कडेला बारीक बारीक खड्डे, चेहऱ्यावर देवीचे व्रण असावेत तसे. आधीचा मालक दर रविवारी पहाटे कळंबोलीहून एक्स्प्रेसवेला लागायचा आणि लोणावळ्यात चहा पिऊन परत यायचा म्हणे. हे त्या चहाचे व्रण.

"मामा, बंपर रंगवून घेतो आणि वरून पीपीएफ मारतो," भाचा म्हणाला. पीपीएफ म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म, गाडीच्या रंगावर चिकटवायचा पारदर्शक पापुद्रा. नेरुळपासून घोडबंदर रोडपर्यंत ही अक्षरं मिरवणाऱ्या पाट्या आता जागोजागी दिसतात. मी तोवर तिला मोबाइलच्या स्क्रीनगार्डची थोरली बहीण समजत होतो. तो गैरसमज होता. काचेचा स्क्रीनगार्ड कडक असतो आणि आधी स्वतः फुटतो. ही फिल्म मऊ असते, आणि तिची सगळी करामत त्या मऊपणात आहे.

आधी दगडाचं पाहू. आपल्याकडे रस्त्यावर उडणारी कपची बहुधा बेसॉल्टची असते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झालेला हा काळा पाषाण. पारसिकच्या डोंगरावर वर्षानुवर्षं त्याच्याच खाणी चालल्या आणि डंपरमधून सांडते ती खडीही त्याचीच. मोठ्या हरभऱ्याएवढी एक कपची धरा, वजन साधारण १ ग्रॅम. पुढच्या ट्रकच्या टायरने ती हवेत उडवली. आपल्याला वाटतं, दगड गाडीवर आला. खरं तर तो जवळपास हवेत लोंबकळत असतो आणि गाडीच ताशी १०० किलोमीटरने त्याच्यावर जाऊन आदळते. या टकरीत सुमारे ०.३९ जूल ऊर्जा असते. म्हणजे ४० ग्रॅमचं लिंबू एक मीटरवरून खाली पडावं तितकी.

लिंबाने बॉनेटचं काय वाकडं होणार? पण लिंबू गोल आणि मऊ. कपचीला टोक असतं, तेही जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं. सगळा मार त्या टिंबावर, आणि सेकंदाच्या अगदी बारीक अंशात. वेग निम्मा केला तर ऊर्जा पाव होते, कारण ती वेगाच्या वर्गावर चालते. म्हणूनच तुर्भे नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये रांगणाऱ्या गाड्यांची नाकं शाबूत राहतात आणि लोणावळ्याच्या चहावाल्यांची फुटतात. स्पोर्ट्स कारचं दुखणं दुहेरी. नाक जमिनीलगत असल्याने पुढच्याने उडवलेलं सगळं तिच्या तोंडावर येतं. शिवाय तिचे रुंद, चिकट टायर स्वतःच खडी उचलून स्वतःच्याच फुगीर मागच्या फेंडरवर, म्हणजे चाकावरच्या पत्र्यावर, मारतात. पोर्शे ९११ च्या मागच्या चाकांपुढे तर कंपनीच कारखान्यातून पारदर्शक फिल्मचा तुकडा लावून देते.

मार खाणारा रंग किती जाड असतो? सगळे थर धरून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). डोक्याचा एक केस ७० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे लाखोंच्या गाडीचा सगळा थाट दोन केसांच्या जाडीत मावतो. खाली पत्र्याला गंजापासून राखणारा थर, त्यावर प्रायमर, मग खरा रंग, आणि सगळ्यात वर ४०-५० मायक्रॉनचा क्लिअर कोट. चकाकी याची. हा क्लिअर कोट म्हणजे घट्ट विणलेल्या रेणूंचं जाळं, कडक आणि ताणायला नाखूश. टोक आदळलं की त्याला वाकायला वाव नसतो, तडा जातो आणि टवका उडतो. खाली पोलादी पत्रा उघडा पडला तर पुढचं काम खाडीवरून येणारी खारी, दमट हवा करते.

यावर सुचणारा सरळ उपाय म्हणजे वरून आणखी कडक काहीतरी लावणं. सिरॅमिक कोटिंग विकणारे नेमकं हेच सुचवतात, आणि 'हार्डनेस ९एच' असं ठसठशीत छापतात. वाचणाऱ्याच्या मनात खनिजांचा कडकपणा १ ते १० मध्ये मोजणारी मोहसची मोजपट्टी येते. तिच्यावर ९ म्हणजे कुरुविंद, माणिक आणि नीलम ज्याचे असतात ते खनिज. पण हे ९एच पेन्सिलीचं आहे. वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली ठरावीक दाबाने पृष्ठभागावर ढकलायच्या आणि कोणती ओरखडा काढते ते बघायचं, एवढीच ती चाचणी. ९एच पेन्सिलीने ओरखडा आला नाही म्हणजे माणिक हाती लागलं असं नाही. शिवाय हा थर जेमतेम एखाद्या मायक्रॉनचा. पाणी निथळायला, धूळ सहज धुतली जायला तो उत्तम आहे, माझी काही तक्रार नाही. पण खडीपुढे त्याला उभं करणं म्हणजे पावसात कागदी छत्री धरणं.

गल्लीत लेदर बॉलने खेळलेल्या कुणालाही दुसरा उपाय माहीत असतो. कॅच घेताना हात मागे न्यायचा. चेंडू तोच, वेग तोच, पण थांबायला जास्त वेळ मिळाला की हाताला बसणारं बळ कमी होतं. फिल्म हेच करते. टोक आदळलं की ती दबते, ताणली जाते, मार आजूबाजूला पसरवते आणि बऱ्याच ऊर्जेची आतल्या आत उष्णता करून टाकते. खालच्या क्लिअर कोटपर्यंत पोचतो तो धक्का, टोक नाही.

हे आधी उमगलं विमानविद्येतल्या लोकांना. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी हेलिकॉप्टरांची पाती धूळ आणि खड्यांनी झिजायची. पात्याचं टोक सेकंदाला २०० मीटरच्याही पुढच्या वेगाने फिरतं. आपला एक्स्प्रेसवेचा वेग सेकंदाला २८ मीटर, म्हणजे तोच खडा तिथे पन्नासपट ऊर्जेने बसतो. थ्रीएम या अमेरिकी कंपनीने पात्यांच्या कडांवर लावायला पॉलियुरेथेनची चिकटपट्टी दिली. तिथून ती शर्यतीच्या गाड्यांच्या नाकावर आली आणि मग हौशी लोकांच्या दारात.

पॉलियुरेथेन तसं जुनं, १९३७ मध्ये जर्मनीत ऑटो बायर यांनी शोधलेलं. सोफ्यातला फोम, बुटाचा तळ, फ्रिजच्या भिंतीतलं इन्सुलेशन ही सगळी त्याचीच गोतावळ. फिल्ममध्ये असतो तो थर्मोप्लास्टिक प्रकार, टीपीयू. त्याची रचना समजून घ्यायची तर बेलापूरजवळ दिवाळे कोळीवाड्यात वाळत घातलेलं जाळं आठवा. गाठी पक्क्या, मधले धागे सैल. टीपीयूच्या लांबलचक रेणूत एक तुकडा कडक, एक मऊ, पुन्हा एक कडक असा क्रम असतो. कडक तुकडे एकमेकांना धरून घट्ट पुंजके करतात, त्या गाठी. मऊ तुकडे वेटोळी घालून मोकळे पडलेले असतात, ते धागे. ओढलं की वेटोळी उलगडतात आणि फिल्म मूळ लांबीच्या तीन-चार पट ताणते. सोडलं की गाठी तिला जागेवर आणतात.

तुर्भे एमआयडीसीतल्या एका गाळ्यात भाच्याची गाडी घेऊन गेलो ते बंपर रंगवल्यानंतर महिन्याभराने. ताज्या रंगातलं सॉल्व्हंट हळूहळू बाहेर पडत असतं. घाई करून वरून फिल्म चिकटवली तर ते खालीच कोंडतं आणि फुगे धरतं. एप्रिलचे दिवस. पंखे बंद, लादी मुद्दाम धुऊन ओली ठेवलेली, धूळ उडू नये म्हणून. काम करणारा पोरगा पंचविशीचा. त्याने नमुन्याच्या पत्र्यावर लावलेल्या फिल्मवर पितळी तारांचा ब्रश खसाखसा घासला. भाच्याने डोळे मिटले. पत्रा पांढुरका झाला होता. मग त्याने चहाची किटली उचलली आणि गरम पाणी त्यावर ओतलं. ओरखडे पुसले गेले. 'पुसले गेले' हा शब्द बरोबर नाही, कारण काहीच पुसलं नव्हतं. पाण्याची धार जिथे जिथे पोचली तिथे तिथे ते विरघळल्यासारखे नाहीसे झाले.

यात जादू नाही, आणि फिल्म जखम 'भरून' काढते असंही नाही. तिच्या वर एक पातळ लवचीक टॉप कोट असतो. ब्रशने त्यातलं काही खरवडून नेलेलं नसतं. रेणू फक्त ओढले जाऊन वेड्यावाकड्या अवस्थेत अडकलेले असतात. उष्णता मिळाली की त्यांना हालचाल सुचते आणि ते आपल्या नेहमीच्या गुंत्यात परत जातात. ताणलेल्या रेणूला सरळ राहण्याचा एकच मार्ग असतो, गुंत्यात पडण्याचे असंख्य. मोकळीक मिळाली की तो गुंत्याकडेच जाणार. घरी करून पाहा: जाड रबरबँड झटकन ताणून लगेच ओठाला लावा, कोमट लागेल. ताणलेला थोडा वेळ तसाच धरून सैल सोडा आणि पुन्हा लावा, गार लागेल. ताण आणि उष्णता यांचं हेच नातं फिल्मच्याही कामी येतं. उन्हात उभ्या गाडीचं बॉनेट चांगलंच तापतं, त्यामुळे आपल्याकडे किटलीची गरज क्वचितच पडते. पोराने नंतर कटरच्या ब्लेडने एक खोल रेघ मारली आणि तिच्यावरही पाणी ओतलं. ती तशीच राहिली. धागाच तुटला तर मूळ आकाराची आठवण कसली राहणार?

मला सगळ्यात जास्त मजा वाटली ती बसवण्याच्या कामाची. फिल्म येते सपाट गुंडाळीत, आणि बंपर सगळीकडून वळलेला. गाउस नावाच्या जर्मन गणितज्ञाने १८२७ मध्येच सिद्ध केलं होतं की सपाट पृष्ठभाग न ताणता, न चुरगाळता दुहेरी वळणावर बसूच शकत नाही. आपल्या घरी ते दर चतुर्थीला सिद्ध होतं. सपाट पारीचा गोल मोदक करायचा तर कळ्या पाडाव्याच लागतात, जास्तीची उकड कुठे तरी जायला हवी. बंपरवर एकही कळी चालत नाही. मग उरतं ताणणं. तो पोरगा पाण्यात बेबी शाम्पूचे थेंब घालून दोन्हीकडून फवारतो, म्हणजे गोंद लगेच न धरता फिल्म रंगावर घसरत राहते. जागा जमली की रबरी स्क्वीजीने पाणी हुसकून लावतो. हा गोंद दाबल्याशिवाय पकडतच नाही. अवघड कोपऱ्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळलेलं पाणी मारलं की पकड लवकर बसते. ताण जास्त झाला तर फिल्म पातळ होते, त्यात रेषा दिसतात, आणि काही आठवड्यांनी ती आखडून कडेने उचलते. वेटोळ्यांना परत यायचंच असतं ना. राहिलेला ओलावा दोन-चार दिवसांत निघून जातो, पावसाळ्यात जास्त दिवस लागतात.

एकदा नीट बसली की फिल्म दिसत का नाही? क्लिअर कोट, गोंद आणि टीपीयू या तिघांचा अपवर्तनांक, म्हणजे आत शिरताना प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा, जवळजवळ सारखा, १.५ च्या आसपास. प्रकाशाला एका थरातून दुसऱ्यात जाताना सरहद्द ओलांडल्याचं कळतच नाही. मध्ये हवेचा फुगा राहिला की लगेच कळतं आणि तो रुपेरी चमकतो.

आता खरेदीची गोष्ट. संपूर्ण गाडीचा खर्च लाखाच्या पुढे जातो, म्हणून नाव तेच लावून हलका माल खपतो. गादीतला फोम उन्हात पडला की पिवळा पडतो, कारण तो ज्या रसायनापासून बनतो त्यात बेंझिनचं कडं असतं आणि अतिनील किरणांनी ते बिघडतं. चांगल्या फिल्ममध्ये हे कडं नसलेलं महाग रसायन वापरतात. पीव्हीसीच्या फिल्मची गत जुन्या रेक्झिनच्या सीट कव्हरसारखी: मऊपणा आणणारं तेल हळूहळू निघून जातं आणि ती कडक होऊन तडकते. टीपीयूमध्येही दमट हवेत टिकणारा आणि न टिकणारा असे प्रकार आहेत. माळ्यावर जपून ठेवलेले बूट दोन-तीन पावसाळ्यांनी काढले आणि तळ भुगा होऊन हातात आला, हा अनुभव अनेकांना असेल. ओलाव्याने पॉलियुरेथेनच्या साखळ्या तोडल्याचा तो पुरावा. मुंबईच्या खाडीकाठी फिल्म घेताना मी चकाकीपेक्षा याची चौकशी आधी करीन.

माझं मत विचाराल तर सगळी गाडी गुंडाळायची हौस ज्याची त्याला लखलाभ. मार बसतो तो बंपर, बॉनेट, आरसे, दिवे आणि मागच्या चाकापुढच्या फुगवट्यावर. छपरावर खडी येत नाही, कावळे येतात. त्यांची विष्ठा तापलेल्या रंगाला खरंच खाते, पण त्यावर ओलं फडकं आणि थोडी तत्परता पुरते.

भाच्याची गाडी तिसऱ्या दिवशी तयार झाली. गाळ्याबाहेर माझी चौदा वर्षांची हॅचबॅक उभी होती. मी सहज म्हणालो, हिच्या बॉनेटला एवढासा तुकडा लावून टाक. पोराने खिशातून काडेपेटीपेक्षा थोडं मोठं यंत्र काढलं आणि पत्र्याला टेकवलं. चुंबकीय क्षेत्रावरून ते पोलाद वरच्या पृष्ठभागापासून किती खोल आहे हे सांगतं, म्हणजेच रंगाची जाडी. दारावर ११२ आलं. दुसऱ्या दारावर ११८. बॉनेटवर ६४०.

"काका, हिला नको," तो म्हणाला. "खाली पुट्टी आहे. उद्या फिल्म काढायची झाली तर रंग घेऊनच निघेल."

चार वर्षांपूर्वी एका गॅरेजवाल्याने हेच बॉनेट 'नुसतं पॉलिश मारलंय' म्हणून परत दिलं होतं. त्या पॉलिशची जाडी आता मला मायक्रॉनमध्ये पाठ आहे.