पारव्याला कडा हवा, कवड्याला झाड

एसीच्या डब्यामागे पारव्याने मांडलेला संसार पाहिला की आधी काळजीच वाटते. चार-सहा काटक्या, वायरचा एखादा तुकडा, झालं घरटं. जरा धक्का लागला तर दोन्ही पांढरी अंडी गडगडतील असं वाटतं. पण काटक्यांखाली सपाट सिमेंट असतं आणि पारव्याला नेमकं तेच लागतं. पिल्लांची विष्ठा तो बाहेर टाकत नाही. ती साचते, सुकते आणि काटक्या लिंपून घेते. पुढच्या विणीला तेच घरटं जास्त पक्कं झालेलं असतं.

पारवा मुळात कड्यांवरचा पक्षी. समुद्रकाठच्या आणि डोंगरातल्या कपारी हे त्याचं घर. माणसाने त्याला हजारो वर्षांपूर्वी पाळलं, त्याच्या असंख्य जाती काढल्या. पाळीव कबुतरांच्या साऱ्या जाती या एकाच रानपारव्यापासून आल्या, हे डार्विनने १८५९ साली मांडलं. आज शहरात दिसणारे पारवे बहुतेक सुटलेल्या पाळीव कबुतरांचे वंशज आहेत. पाळताना माणसाने वारंवार अंडी घालणाऱ्या जोड्या निवडल्या. तो गुण घेऊनच ते शहरात आले आणि तिथे त्यांना कड्यांसारख्याच उंच भिंती आणि छज्जे मिळाले.

आता त्याचा रानातला भाऊबंद पाहू. पाचू कवडा भारतापासून आग्नेय आशियापर्यंतच्या दाट जंगलांत राहतो. तो तमिळनाडूचा राज्यपक्षी आहे. पारव्याहून लहान, लांबी जेमतेम २७ सेंटीमीटर. पंख पाचूसारखे हिरवे, अंग गुलाबीसर तपकिरी, चोच लाल. इतका देखणा पक्षी सहज दिसेल असं वाटतं, पण सावलीतल्या पालापाचोळ्यात तो पार मिसळून जातो. पडलेल्या बिया आणि फळं टिपत जमिनीवर खाली मान घालून चालत असतो. बहुतेक वेळा तो आधी कानावर पडतो: खोल, घुमणारा, कण्हल्यासारखा आवाज. घरटं त्याचंही विरळ काटक्यांचंच, पण ते झुडपात किंवा बुटक्या झाडावर.

बाकी मात्र दोघांचं बरंच जुळतं. अंडी सहसा दोनच. पाणी पिताना इतर बरेच पक्षी घोट घेऊन मान वर करतात. हे दोघे चोच बुडवून सलग ओढून पितात. आणि दोघेही पिल्लांना चक्क ‘दूध’ पाजतात. मला यातलं सर्वांत मोठं नवल हेच वाटतं. विणीच्या काळात गळ्याखालच्या अन्नपिशवीचं अस्तर जाड होतं आणि त्याच्या पेशी सुटून दह्याच्या कवडीसारखा लगदा तयार होतो. त्यात भरपूर प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ असतात. पारव्यात याला चालना देणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक सस्तन प्राण्यांच्या दुधामागेही असतं. शिवाय हे दूध आई आणि बाप दोघांनाही येतं. पहिले काही दिवस पिल्लू फक्त त्यावरच वाढतं, त्यामुळे या पक्ष्यांना त्याच्यासाठी अळ्या-किडे शोधत फिरावं लागत नाही.

म्हणजे पारवा शहरात टिकला तो केवळ या दुधाच्या जोरावर नाही. दूध कवड्याकडेही आहे. फरक घरट्याच्या जागेचा आणि माणसाच्या सहवासाचा. उडण्याचाही आहे. पारव्याचे लांब, टोकदार पंख मोकळ्या आभाळासाठी आहेत. कवडा जमिनीपासून थोड्याच उंचीवर, झाडांच्या फटींतून, वळणं घेत सुसाट जातो. जंगलात हे त्याला वाचवतं. जंगलालगत काचेची इमारत आली की घात होतो, कारण काचेत पुढची झाडं दिसतात आणि त्याला ती वाट वाटते. सिंगापूरमध्ये इमारतींना आपटणाऱ्या पक्ष्यांत पाचू कवडा वारंवार सापडतो. या कुळातल्या पक्ष्यांच्या पिसांवर बारीक भुकटी असते. धडक जोराची असेल तर काचेवर तिचा पांढुरका ठसा उमटतो: पसरलेले दोन पंख, मधे छाती, आणि कधी कधी एकेक पीस मोजता येईल इतका स्पष्ट.