मोजणी एकोणपन्नाशीलाच का थांबली?

साठी-सत्तरीतल्या माणसांना सिफिलिस, गनोरिया किंवा एचआयव्ही असा लैंगिक संबंधांतून पसरणारा आजार झाल्याची बातमी आली, की लोक म्हणतात, ‘हे काय नवीनच!’ नवीन त्यात फार थोडं आहे. या वयाच्या लोकांना वर्षानुवर्षं कुणी विचारलंच नव्हतं.

ब्रिटनचंच बघा. एड्सच्या धास्तीने तिथे लैंगिक वर्तनाची राष्ट्रीय पाहणी आखली गेली. १९८९ मध्ये थॅचर सरकारने तिला पैसा नाकारला, तेव्हा वेलकम ट्रस्ट या वैद्यकीय संशोधनाला पैसा देणाऱ्या संस्थेच्या निधीवर ती १९९०-९१ मध्ये पार पडली. वयोगट होता १६ ते ५९. दहाएक वर्षांनी दुसरी फेरी झाली, तेव्हा वरची मर्यादा वाढायची सोडून ४४ वर आली! चौऱ्याहत्तरीपर्यंतच्या लोकांची पाळी आली ती २०१०-१२ च्या तिसऱ्या फेरीत. दरम्यान मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत व्हायग्राला मंजुरी मिळून गेली होती. औषध कंपनीला जे गिऱ्हाईक दिसलं, ते पाहणी करणाऱ्यांना दिसलं नाही.

अमेरिकेत ५७ ते ८५ वयाच्या ३,००५ जणांची पाहणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. ६५ ते ७४ वयोगटातल्या ५३ टक्के लोकांचं लैंगिक आयुष्य चालू होतं. पन्नाशीनंतर डॉक्टरांशी या विषयावर कधी बोलणं झालं होतं ते मात्र ३८ टक्के पुरुषांचं आणि जेमतेम २२ टक्के स्त्रियांचं. त्याच्या आदल्याच वर्षी तिथल्या सीडीसीने, म्हणजे रोगनियंत्रणाचं काम बघणाऱ्या सरकारी संस्थेने, सरसकट एचआयव्ही चाचणीची शिफारस केली होती, तीही चौसष्टीपर्यंतच.

आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१९-२१ च्या पाचव्या फेरीतही स्त्रिया १५ ते ४९ आणि पुरुष १५ ते ५४ वयाचेच होते. कारण उघड आहे. लैंगिक आरोग्याचा विचार आपल्याकडे कुटुंब नियोजनाचं बोट धरून आला. १९६८ पासून ‘निरोध’ घरोघरी पोचला तोही पाळणा लांबवण्यासाठी. मूल होण्याचं वय सरलं की बाई हिशेबातून बाहेर.

गंमत अशी, की धोक्याची काही कारणं तिथूनच सुरू होतात. पाळी गेल्यावर दिवस राहण्याची भीती नसते, म्हणून कंडोम लागत नाही. इस्ट्रोजेन घटल्याने योनीमार्ग कोरडा पडतो, आतली त्वचा पातळ होते, संबंधाच्या वेळी बारीक चिरा पडतात आणि जंतूंना वाट मिळते. जोडीदार गेल्यावर नवं नातं जुळणं आता अगदीच अपूर्वाईचं राहिलेलं नाही. पुण्यात तर २०१२ च्या सुमारास ज्येष्ठांसाठी लिव्ह-इन मंडळही निघालं.

निदान मात्र रखडतं. थकवा, घटलेलं वजन, विसराळूपणा, सगळं ‘वयामुळे’ या खात्यात जमा होतं. सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि चाचणी केंद्रांत एचआयव्हीची चाचणी मोफत होते आणि तिला वयाची वरची अट नाही. पण सत्तरीच्या आजोबांना तिकडे पाठवावं, हे डॉक्टरांच्याच मनात सहसा येत नाही.